सावलीत साहेबांची कार, उन्हात आमची स्कूटी

या वेळचं पत्र असं आहे:

"ताई, मी 31 वर्षांची, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, पगार 18 हजार. दिवाळीनंतर मालकांचा भाचा मॅनेजर म्हणून आला, आधी पुण्यात कुठल्यातरी मोठ्या कंपनीत होता म्हणे, आणि आल्या आल्या त्याने पार्किंग हातात घेतलं. पत्र्याच्या शेडमध्ये फक्त त्याची कार आणि 'व्हिजिटर', आम्ही सगळे मोकळ्या पटांगणात. पांढरे पट्टे मारलेत, पट्ट्याबाहेर चाक गेलं की फोटो काढून ग्रुपवर. साइड स्टँड चालत नाही, मेन स्टँडच लावायचा. तोंड गेटकडंच. किल्ली वॉचमन मामांकडे जमा. पाच मिनिटं उशीर झाला की गाडी गेटबाहेर रोडवर. चुकलं की 100 रुपये पगारातून कट, मागच्या महिन्यात माझे 400 गेले, वरून सगळ्यांच्या दंडाची एन्ट्री मलाच करावी लागते. दोनदा चाकातली हवा सोडली. त्या दंडाच्या पैशातनं पट्ट्यांसाठी ऑइलपेंट आणला हे तर मी बिलावर बघितलंय. मिस्टर म्हणतात एवढ्याशा गोष्टीवरून डोकं का फिरवून घेतेस. मैत्रीण म्हणते सरळ मालकांकडं जा. मला वाटतंय एक दिवस माझी ॲक्टिव्हा नेऊन त्याच्या कारच्या जागेवर आडवी लावावी आणि काय करतोस ते कर म्हणावं. काय करू? — तापलेली सीट, जुळे सोलापूर"

तापलेल्या सीटबाई,

आडवी लावू नकोस. मनातल्या मनात रोज लाव, वाचता वाचता मी पण एकदा लावून आले, पण खरीखुरी नको. आज सगळ्या कारखान्याला माहितीय की तो अति करतोय. तू गाडी आडवी लावलीस की त्या मिनिटापासून चर्चा एकच, अकाउंट्सच्या मॅडमनी काय केलं बघितलं का. दंड, हवा, ऊन सगळं मागं राहतं आणि तुझा फोटो ग्रुपवर जातो, आणि या वेळी फोटो खरा असतो. शिवाय जागा त्यांची आहे, शेडमध्ये कोण लावणार हे ठरवायचा हक्क त्यांना आहेच, कितीही राग आला तरी. स्टाफला सावलीतच पार्किंग द्या असं सांगणारा कायदा मी तरी बघितलेला नाही. त्यामुळे सावलीची लढाई हक्काची म्हणून लढायला गेलीस तर हरशील. ती दुसऱ्या पद्धतीने जिंकायची, ते पुढं सांगते.

मिस्टरांचं आधी उरकून घेऊ. दिवसातनं दोनदा होणारी गोष्ट एवढीशी नसते. सकाळी आत शिरताना पट्टा बघायचा, मामांकडे किल्ली द्यायची, दिवसभर ग्रुपवर आपला नंबर येतोय का बघत बसायचं आणि संध्याकाळी 42-43 डिग्रीत भाजलेल्या सीटवर बसायचं, नाहीतर फुसकं चाक ढकलत पंक्चरवाल्याकडं जायचं. त्यांना एकदा मे महिन्यात दुपारी हे करायला लाव, मग बोलू.

आणि त्रास चालायचा किंवा उन्हाचा नाहीच मुळी. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसात आपण काय करतो बघ की. होम मैदानाकडचे रस्ते बंद, नंदीध्वजांची मिरवणूक असली तर विचारूच नकोस, गाडी कुठंतरी लांब लावायची, पोरगं कडेवर, हातात पिशवी, आणि चालत सुटायचं, आणि कुणी त्याच्याबद्दल रात्रभर कुढत बसत नाही. नियम सगळ्यांना सारखा असतो म्हणून. तुमच्या पटांगणात नियम खालच्यांना आहेत आणि शेड एकट्याला आहे, त्यातही निम्मी जागा येणार येणार म्हणून न आलेल्या व्हिजिटरसाठी. खुपतंय ते तिथं.

आता नियमांकडं येऊ, कारण रागाच्या भरात तू सगळे एकत्र घातलेत आणि त्यातले दोन चक्क चांगले आहेत. सॉरी, पण आहेत.

गाडीचं तोंड गेटकडं, हा नियम मी असते तर मीही केला असता. टॉवेलचा कारखाना म्हणजे आत सूत, गठ्ठे, मशीनवर साठलेला कापसाचा कचरा, आणि 2025 च्या मे महिन्यात आपल्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ माणसं गेली, हे तुला मी सांगायची गरज नाही, तू रोज त्याच रोडने जातेस. अशा ठिकाणी पळायची वेळ आली तर चाळीस गाड्या रिव्हर्स घेत बसायला वेळ नसतो. हा नियम त्याने कुठून उचलला, पुण्यातनं का अजून कुठनं, सोडून दे, नियम बरोबर आहे.

मेन स्टँडचंही तसंच. साइड स्टँडवरची गाडी तिरकी होते, जागा जास्त खाते, आणि रांगेत एकीला धक्का लागला की सगळ्या एकावर एक पडतात. आता तू म्हणशील ॲक्टिव्हा उचलता उचलता कंबर मोडते. उचलायचीच नाही ना. डावा हात हँडलवर, उजव्या हाताने मागचं ग्रॅब रेल धरायचं, उजवा पाय स्टँडच्या त्या दांडीवर ठेवून स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत हळू दाबायचं आणि मग अंगाचा सगळा भार त्या पायावर टाकायचा, गाडी आपोआप मागं सरकून चढते. हातांनी वर ओढायला गेलं की कंबर जाते. सपाट जागेवर घरी चार-पाचदा करून बघ. पण कारखान्यात एखादी पोटुशी असेल, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तर तिला सूट मिळालीच पाहिजे, आणि ती तिने एकटीने मागू नये, तुम्ही सगळ्यांनी मागावी.

पट्टे, फोटो, ग्रुप, हा सगळा पोरकटपणा आहे. त्रासदायक आहे, पण पोरकटपणाच. ग्रुपवर कधीही उत्तर देऊ नकोस, अंगठा नको, हसरा चेहरा तर अजिबात नको. फक्त स्क्रीनशॉट काढून ठेव, तारखेसकट. आणि मला माहितीय की तुम्ही पोरींनी त्याला नावं ठेवायला दुसरा ग्रुप काढला असणार. तो बंद कर. अशा ग्रुपात एकतरी फुटीर असतोच, साहेबांना स्क्रीनशॉट पोचलेला असतो आणि आपण आपले तिथं मीम टाकत असतो.

उरलं काय? दंड, हवा, किल्ली आणि रोड. हे चार मात्र पार्किंगचे नियमच नाहीत बाई. हा तुझा पैसा आहे आणि तुझी गाडी आहे, आणि इथं त्याचा हात पोचायला नको. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की पट्ट्यावरनं भांडू नकोस, तो म्हणेल तिथं लाव, सरळ लाव, मेन स्टँडवर लाव, एक इंचही चूक काढायला देऊ नकोस, आणि सगळी ताकद या चार गोष्टींवर लाव.

दंड. पगारातनं दंड कापायचा म्हणजे मालकाच्या मनात आलं आणि कापला असं नसतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून 2019 ची वेतन संहिता लागू झालीय, तिचं कलम 19 याच्यावर आहे. कुठल्या चुकीला दंड हे आधी सरकारकडनं किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडनं मंजूर करून घ्यायला लागतं, मग त्याची नोटीस लावायला लागते. दंड करायच्या आधी त्या माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यायला लागते. एका पगाराच्या मुदतीत सगळे दंड मिळून पगाराच्या 3 टक्क्यांच्या वर जाता येत नाही, हप्त्याने कापता येत नाही, 90 दिवस उलटले की वसूल करता येत नाही. प्रत्येक दंडाची रजिस्टरात नोंद लागते, आणि जमलेला पैसा कामगारांच्याच भल्याच्या, मंजूर कामाला वापरायला लागतो. ऑइलपेंट त्यात कसा बसवणार ते त्याने मंजुरी देणाऱ्याला समजावून सांगावं, ऐकायला मला आवडेल. आणि हे काही कालपरवा आलेलं नाही, जुन्या 1936 च्या वेतनाच्या कायद्यातही जवळपास असंच होतं, माझी निम्मी नोकरी पर्सोनेलमध्ये गेली, आमच्याकडे दंडाचं रजिस्टर कपाटात असायचं आणि ते भरायची वेळ येऊ नये म्हणून साहेब लोक दंडच करायचे नाहीत, एवढी त्यात कटकट.

तुझं गणित बघ. 18 हजाराचे 3 टक्के म्हणजे 540. तुझे 400 कापले, म्हणजे रकमेत तो बसतो. पण मंजुरी? नोटीस? तुझं म्हणणं विचारलं का? रजिस्टर? चारही ठिकाणी फुलीच असणार.

आता तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य, जे तू रडगाणं म्हणून लिहिलंस आणि मला वाचताना लॉटरी लागल्यासारखं झालं. दंडाची एन्ट्री तू करतेस. अगं मग तक्रार कशाला करायची, प्रश्न विचार की! अकाउंट्सवाली म्हणून, कामाचा भाग म्हणून, साध्या मेलवर किंवा कागदावर: "सर, पार्किंगच्या दंडाची कपात कुठल्या हेडखाली दाखवायची? रजिस्टर आणि मंजुरीची कॉपी फाइलला लावायला हवी, नाहीतर कन्सल्टंट विचारतील." बस, एवढंच. यात राग नाही, तक्रार नाही, तुझे 400 पण नाहीत. आणि तुमच्याकडे पीएफ-ईएसआयचं बघणारे एक कन्सल्टंट असणारच, महिन्याला येऊन चहा पिऊन सह्या घेऊन जातात ते. त्यांना पुढच्या वेळी सहज म्हण, "सर, हे इतर कपातीत टाकलंय, चालतं ना?" तो माणूस खुर्चीतनं उठतो की नाही बघ. कारण उद्या इन्स्पेक्शन आलं तर उत्तर त्याला द्यावं लागणार, भाच्याला नाही. मालकाला तू सांगितलंस तर ती कुरकुर होते, तेच कन्सल्टंटने सांगितलं की सल्ला होतो, त्याचे मालक पैसे देतात म्हणून ऐकतात पण.

एक काळजी मात्र घे. पुरावा म्हणून ठेवायचं तर स्वतःची सॅलरी स्लिप ठेव, स्वतःचे फोटो ठेव. बाकीच्यांच्या पगाराच्या शीट घरी न्यायच्या नाहीत, मोबाइलवर पण नाहीत, एकाचीही नाही. तुझ्या हातात सगळ्यांचे पगार आहेत म्हणून विश्वासाची खुर्ची आहे, तिथं बोट दाखवायला जागा दिलीस तर पार्किंग राहील बाजूला. ज्याला त्याला आपापली स्लिप जपायला सांग, झालं.

हवा. दुसऱ्याच्या गाडीची हवा सोडणं हे शिस्त लावणं नाही. रस्त्यावरची गाडी उचलायची तरी ते काम पोलिसांचं किंवा नेमलेल्या यंत्रणेचं, आणि पोलिसांचाही हवा सोडणे हा कायद्यात लिहिलेला दंड नाही, मग कारखान्याच्या मॅनेजरचा कुठनं आला. मुद्दाम दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान करायला भारतीय न्याय संहितेत कलम 324 आहे. तू लगेच पोलिस स्टेशनला जा असं मी म्हणत नाही, चाकाच्या हवेसाठी ड्युटीवरचा हवालदार तुझ्याकडं कसा बघेल ते मला माहितीय, पण हे कलम आहे हे तुला माहीत असलं की बोलताना आवाज आपोआप ठाम होतो.

आणि मामांशी भांडू नकोस. बारा-बारा तास गेटवर बसणारा माणूस स्वतःच्या हौसेने व्हॉल्व्ह दाबत नाही. शांतपणे विचार, "मामा, कुणी सांगितलं सोडायला?" ते सांगतील, बहुतेक दोन शिव्या पण हासडतील साहेबांना. पुन्हा हवा गेली तर तिथंच फोटो काढ आणि त्याच दिवशी मॅनेजरला मेसेज कर: "आज दुपारी माझ्या गाडीच्या मागच्या चाकाची हवा सोडलेली होती, गाडी पट्ट्यात होती, कृपया याबद्दल सांगावं." पंक्चरवाल्याचा खर्च झाला तर तोही लिही. उत्तर येणार नाही. हरकत नाही, लिहिलेलं राहतं.

किल्लीचा नियम वाचून मला हसू आलं, कारण तो त्याच्यावरच उलटणारा आहे. किल्ली घेतली म्हणजे गाडी ताब्यात घेतली. 2019 साली सुप्रीम कोर्टात दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलची केस होती, पाहुण्याने किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि गाडी चोरीला गेली, हॉटेल म्हणालं पावतीवर छापलंय की पार्किंग मालकाच्या जबाबदारीवर, कोर्ट म्हणालं असं हात झटकता येणार नाही, गाडी सांभाळायची जबाबदारी तुमची. आता ती केस हॉटेलची आणि ग्राहकाची होती, कारखान्याला जशीच्या तशी लागेल असं मी छातीठोक सांगणार नाही. पण विचारायला काय जातंय, "सर, किल्ली जमा केल्याची नोंद गेटच्या रजिस्टरात करायची का? गाडीला काही झालं तर कंपनी बघेल ना?" याचं लेखी हो कुठलाच मॅनेजर देत नाही, आणि मग किल्ली आपोआप परत तुझ्या पर्समध्ये येते. तोपर्यंत दुसरी किल्ली घरी नीट ठेव, चोरीचा क्लेम करायला गेलं की इन्शुरन्सवाले दोन्ही मागतात. आणि पॉलिसी काढून बघ, नुसता थर्ड पार्टी असेल तर चोरीचे पैसे मिळत नाहीत. आपल्याकडं अर्ध्या स्कूट्यांचा तोच असतो, चलान टाळण्यापुरता.

रोडवर लावायचा नियम सगळ्यात वाईट. तिथं ट्रॅफिकवाल्याने चलान फाडलं तर ते तुझ्या नावावर, मोटार वाहन कायद्याच्या 177 कलमाखाली पहिल्यांदा 500 आणि नंतर 1500 पर्यंत, भाच्याच्या नावावर नाही. संध्याकाळी अंधार पडल्यावर गेटबाहेरनं गाडी काढायची ते वेगळंच. पण याच्यावर त्याला बोलायचं असेल तर माझा त्रास, माझं चलान असं बोलू नकोस, त्याला तुझ्या त्रासाने काही फरक पडत नाही हे दिसतंयच. बोलायचं आगीवर. "सर, गेटबाहेर दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या तर फायर ब्रिगेडची गाडी आत कशी वळेल?" तोंड गेटकडंचा नियम त्याने सेफ्टीसाठी केलाय ना, मग त्याच सेफ्टीने हा नियम पडतो. त्याच्याच भाषेत बोलायचं.

आता या माणसाबद्दल थोडं, कारण तू त्याला खलनायक केलायस आणि मला तो नुसता बेकार बसलेला वाटतोय. विचार कर, मशीनवर मास्तर ऐकत नाही, माल कुठला काढायचा ते मालक ठरवतात, व्यापारी फोन मालकांनाच करतात, सुताचा भाव तर कुणाच्याच हातात नाही. मग पुण्यातनं आलेल्या भाच्याने करायचं काय? पटांगण उरलं. ज्याला आत कुणी काही ठरवू देत नाही तो गेटवर ठरवतो. असल्या माणसाकडनं पटांगण काढून घ्यायला गेलीस तर तो जीव गेला तरी सोडणार नाही, तेवढंच आहे त्याच्याकडं. म्हणून पटांगण त्याचंच राहू दे, फक्त नकाशा तुझा जाऊ दे.

म्हणजे असं कर. एखाद्या रविवारी नाहीतर जेवणाच्या सुट्टीत टेप घेऊन शेड मोजा, दोघी-तिघी जा, चोरून नाही, मामांना सांगून. बांधकामाच्या नियमात एका कारला साधारण अडीच बाय पाच मीटर जागा धरतात आणि टू-व्हीलरला एक बाय दोन. म्हणजे एका कारच्या जागेत पाच स्कूट्या. तुमच्या शेडमध्ये तीन कारची जागा असेल असं धरू, एक त्याची, एक व्हिजिटरची राहू दे, तिसरीत पाच गाड्या बसतात, मधनं जायला वाट सोडली तरी चार कुठं गेल्या नाहीत. त्या कुणाच्या? उशिरा सुटणाऱ्या बायकांच्या, पोटुशीच्या, पायाचा त्रास असणाऱ्याच्या. तुझी त्यात पहिल्या दिवशी नको, मुद्दाम नको, नाहीतर सगळं केलं ते स्वतःच्या सीटसाठी असं होईल. बाकीच्यांना पटांगणावर हिरवी शेडनेट. नर्सरीवाले, द्राक्षवाले सगळे वापरतात, आपल्याकडं सहज मिळते, चार पाइप आणि नेट, बांधायला एक दिवस. आणि वर्गणी काढायची नाही हां! कुणीतरी उत्साही म्हणणारच की आपण शंभर-शंभर काढू. दंडाचे शंभर कापणाऱ्याला वर आपणच शंभर द्यायचे का बे? त्या दंडाच्या पैशातनंच नेट आणा म्हणावं, निदान कामगारांच्या भल्याला तरी लागेल, मंजुरीचं मात्र कन्सल्टंटला विचारून.

हे सगळं एका कागदावर पेनाने काढायचं. फार सुबक नको, सुबक काढलं की त्याला वाटेल माझ्यापेक्षा हुशार झाली. तिघी मिळून जा, आणि त्यात एक माणूस आतला असू दे, मास्तर किंवा जुना कुणीतरी ज्याला मालक अरेतुरे करतात. सकाळी नको, सकाळी तो फोटो काढायच्या मूडमध्ये असतो. जेवणानंतर जा. आणि बोलायचं असं: "सर, तुम्ही पट्टे मारल्यापासून रांग नीट लागायला लागलीय, ते चांगलं झालं. आता उन्हाळा आलाय, तेवढं नेटचं आणि शेडमधल्या एका जागेचं बघितलं तर बरं होईल, हे आम्ही असंच काढून आणलंय." पहिलं वाक्य बोलताना दात ओठ खाऊ नकोस, चेहरा सरळ ठेव. तो म्हणेल बघतो. आठवड्याने तो स्वतःच्या नावाने ग्रुपवर टाकेल, न्यू पार्किंग लेआउट, खाली स्वतःचं नाव. टाकू दे. टाळ्या पण वाजव.

मैत्रीण म्हणते तसं सरळ मालकांकडं? आत्ता नको. मामा-भाचे आहेत ते, रात्री एकाच घरात भाकरी मोडणार, आणि तिथं तुझी बाजू मांडायला तू नसतेस. हवा परत सोडली, किंवा दंड कन्सल्टंटने सांगूनही चालूच राहिला, तर मग जा, पण कागद घेऊन जा आणि बोलणं फक्त दंडाचं आणि हवेचं. शेड, पट्टे, फोटो यातला एक शब्द नको. मालकाला पैशाची आणि कायद्याची गोष्ट लगेच कळते. उन्हाची नाही कळत, तो एसी केबिनमधनं एसी गाडीत जातो.

तिथंही काही झालं नाही तर सहाय्यक कामगार आयुक्तांचं ऑफिस आहे सोलापुरात. चुकीच्या कपातीचा दावा नव्या संहितेप्रमाणे तीन वर्षांपर्यंत करता येतो, त्यामुळे उद्याच पळायची घाई नाही. आणि हे पण सांगते, कायदा तुझ्या बाजूने आहे म्हणजे नोकरी तुझ्या बाजूने आहे असं नाही. पन्नास माणसांच्या कारखान्यात अर्ज गेला की कुणी दिला ते दुपारपर्यंत कळतं. म्हणून अर्ज द्यायचाच झाला तर चार-पाच सह्यांनी द्या, आणि त्याच्या आधी दुसरीकडं चौकशी करून ठेव. जीएसटी आणि टॅली येणाऱ्या बाईला चिंचोळीपासून होटगी रोडपर्यंत काम मिळतं, पगार कदाचित हजारभर जास्तच मिळेल. 400 रुपयांवरनं नोकरी सोडू नकोस, पण 400 रुपयांवरनं तिथं जन्म काढायचा असंही काही लिहून दिलेलं नाही.

तोवर उन्हाळ्याची सोय. टॉवेलच्या कारखान्यात काम करतेस आणि सीट तापते म्हणून मला पत्र लिहितेस, कमाल आहे तुझी! सेकंड मालातला एक जाड टॉवेल विकत घे, पावती करून घे, फुकट उचलू नकोस, आणि ओला करून पिळून सीटवर टाक, निघायच्या अर्धा तास आधी मामांना पुन्हा ओला करायला सांग, ते करतील, हवेचं त्यांच्याही मनाला लागलं असणार.

प्रश्नाचा मेल सोमवारी पाठव, आणि सात तारखेला पगार झाला की आधी इतर कपातीचा कॉलम बघ आणि मग मला लिही.